गुंजेच्या आठव्या हिश्शाचा पुरावा



डोंबिवलीतील आमच्या परिचयाच्या एका भगिनीच्या स्तनात गाठ आढळली. प्रथम ती आपल्याच व्यवसायातील एका वैद्यांकडे गेली. त्यांनी तीन महिने काढे व गुटिका दिल्या आणि निघताना एक सल्लाही दिला : "सुई लावू देऊ नका, गाठ चिघळेल." गाठ वाढली तेव्हा घरच्यांनी तिला एका नर्सिंग होममध्ये नेले. शनिवारी सायंकाळी सुईने गाठीचे तीन तुकडे काढण्यात आले. फॉर्मॅलिनची बाटली नेमकी रिकामी होती. पाळीवर असलेल्या तरुण निवासी डॉक्टरांनी ते तुकडे सलाइनमध्ये बुडवून ठेवले. सोमवारी दुपारी एका मुलाने ती डबी लोकलने मुंबईच्या प्रयोगशाळेत पोहोचवली. अहवाल आला. गाठ कर्करोगाची आहे, एवढे त्यात होते. परंतु कोणती चिकित्सा द्यावी हे ज्या प्रथिनांच्या मोजमापावर ठरते, त्या रकान्यात 'नमुना परीक्षणास अयोग्य' असा शेरा होता. पुन्हा सुई, पुन्हा प्रतीक्षा. तीन आठवडे गेले ते वेगळेच.

ते निवासी डॉक्टर बीएएमएस पदवीधर होते, म्हणजे आपल्यापैकीच एक. काढे देणारे वैद्यही आपल्यापैकीच. म्हणून हा प्रसंग कोणास दोष देण्यासाठी आम्ही सांगत नाही. आपल्या घरचा हिशेब म्हणून सांगत आहोत. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील लहान रुग्णालयांमध्ये रात्रपाळी व सुट्टीच्या दिवसाची पाळी बहुतांशी आपलेच पदवीधर सांभाळतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ऊतीचा तुकडा शरीराबाहेर आल्यानंतरचा पहिला तास पुष्कळदा आपल्याच हाती असतो. त्या तासाविषयी आपल्या व्यासपीठावर कधी चर्चा झाल्याचे आम्हांस स्मरत नाही. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेच आहे.

मोजायचे ते किती?

स्तनाच्या गाठीतून जाड सुईने काढलेला एक तुकडा साधारण पंधरा ते वीस मिलिग्रॅम भरतो. आपल्या परिभाषेत सांगायचे तर गुंज सव्वाशे मिलिग्रॅमची. हा तुकडा तिच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा. यकृताच्या बायोप्सीत मिळणारा अंश तर संपूर्ण यकृताच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाइतकाच असतो. एवढ्याशा द्रव्यातून रोगाचे नाव, त्याची जात, त्याची तीव्रता आणि कोणते औषध लागू पडेल, इतक्या प्रश्नांची उत्तरे काढायची असतात.

त्यातही प्रथिने सारखी नसतात. काही विपुल असतात, काही अत्यल्प. रक्तद्रवाचेच उदाहरण घेऊ. एक मिलिलिटर रक्तद्रवात अल्ब्युमिन ३५ ते ५० मिलिग्रॅम असते. शोथाची सूचना देणारे इंटरल्युकिन-६ हे प्रथिन निरोगी माणसाच्या तेवढ्याच रक्तद्रवात अवघे काही पिकोग्रॅम असते. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. या दोन प्रथिनांमधील अंतर सुमारे एक हजार कोटी पटीचे होते. रोगाची पहिली चाहूल बहुधा या दुर्मिळ प्रथिनांतच लागते आणि नेमकी तीच हाती लागत नाहीत.

डीएनएच्या बाबतीत ही अडचण १९८३ साली कॅरी म्युलिस यांच्या पीसीआर पद्धतीने दूर झाली. डीएनएचा एक अणुरेणू असला तरी त्याच्या प्रती काढून त्याला कोट्यवधी पट वाढवता येते. प्रथिनाची अशी प्रत काढता येत नाही. जेवढे मिळाले तेवढ्यावरच भागवावे लागते. नमुना वाया गेला की प्रथिनही गेले.

चरकाचार्यांची आठ कारणे

येथे एक गोष्ट आपल्या वाचकांच्या सहज ध्यानात येईल. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, तिस्रैषणीय अध्यायात, अस्तित्वात असलेली वस्तूदेखील प्रत्यक्षाने का कळत नाही याची आठ कारणे सांगितली आहेत. विद्यार्थिदशेत आपण ती पाठ केली आणि परीक्षेनंतर बाजूला ठेवली. आजच्या प्रयोगशाळेत दुर्मिळ प्रथिन का निसटते, हे समजून घ्यायचे असेल तर त्या यादीतील पाच कारणे पुन्हा वाचावीत, असे आम्ही सुचवतो. आधुनिक शोध ग्रंथात आधीच होते, असा दावा आम्ही करत नाही. तसा दावा खोटा ठरेल आणि आचार्यांनाही तो मानवला नसता. पण निरीक्षण कोठे फसते याचा त्यांनी केलेला विचार नेटका आहे आणि तो आजही उपयोगी पडतो.

पहिले कारण अतिसौक्ष्म्य. वस्तू अतिसूक्ष्म असल्याने दिसत नाही. पिकोग्रॅमची गोष्ट वर आलीच आहे.

दुसरे अभिभव. प्रखर तेजापुढे मंद तेज लोपते. अल्ब्युमिनसारख्या विपुल प्रथिनापुढे दुर्मिळ प्रथिनाचा संकेत असाच लोपतो. म्हणून संशोधक आधी विपुल प्रथिने गाळून काढतात, मगच मोजणीला बसतात.

तिसरे समानाभिहार. धान्याच्या राशीत मिसळलेला सारखाच दाणा वेगळा ओळखता येत नाही. प्रथिन ओळखण्यासाठी वापरले जाणारे प्रतिपिंड कधी कधी त्या प्रथिनाच्या सारख्या दिसणाऱ्या भावंडावरही जाऊन बसते. मग आकडा येतो, पण तो भलत्याचाच असतो.

चौथे आवरण. फॉर्मॅलिनमुळे प्रथिने एकमेकांत गुंफली जातात. त्यामुळे ती टिकतात हे खरे, पण प्रतिपिंडाला जी जागा हवी ती झाकलीही जाते. पॅराफिनच्या ठोकळ्यातून कापलेली चकती विशिष्ट द्रावात उकळली की हे आवरण बऱ्याच अंशी दूर होते, हे १९९१ साली दाखवून देण्यात आले. आज लहानमोठ्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळांत ही उकळण्याची क्रिया नित्याची झाली आहे.

पाचवे करणदौर्बल्य, म्हणजे पाहणाऱ्या साधनाचाच दुबळेपणा. यंत्र कितीही महाग असो, त्याला एक तळमर्यादा असते. त्या मर्यादेखालचे त्याला दिसत नाही. 'आढळले नाही' आणि 'नाही' हे दोन निराळे अर्थ आहेत. या एका वाक्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळे किती चुकीचे दावे छापले जातात, याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

साधने कशी वाढत गेली

या पाच अडथळ्यांवर मात करण्याचा इतिहास मोठा आहे. तो येथे थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कमध्ये रोझॅलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी किरणोत्सारी खूण लावून रक्तातील इन्शुलिन मोजण्याची पद्धत १९६०च्या सुमारास सिद्ध केली. यॅलो यांना १९७७ साली नोबेल मिळाले. बर्सन त्यापूर्वीच निवर्तले होते. १९७१ साली स्टॉकहोममध्ये एंगवॉल व पर्लमन यांनी किरणोत्साराऐवजी विकराची खूण वापरली. तीच आपण रोज ऐकतो ती एलायझा चाचणी. १९७५ साली केंब्रिजमध्ये कोहलर व मिलस्टीन यांनी एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे तयार करण्याची युक्ती शोधली आणि मोजमापाला खात्रीचा हात मिळाला.

पुढची उडी मोठी होती. प्रथिनाची प्रत काढता येत नाही, पण प्रतिपिंडाला डीएनएचा तुकडा बांधला तर त्या तुकड्याच्या प्रती काढता येतील, हा विचार १९९२ साली मांडला गेला. पुढे स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी त्यात आणखी एक दक्षता घातली. एकाऐवजी दोन प्रतिपिंडे आणि दोघांना डीएनएचा एकेक धागा. दोन्ही प्रतिपिंडे एकाच प्रथिनावर शेजारी शेजारी बसली तरच धागे जुळतात आणि जुळलेला धागाच पीसीआरने वाढतो. एका साक्षीदाराच्या शब्दावर निवाडा न करता दोघांची साक्ष जुळल्यावरच तो करावा, तसे हे आहे. समानाभिहाराचा दोष यामुळे पुष्कळ कमी झाला. २०१० साली तर एकेक रेणू सूक्ष्म खळग्यात अडकवून प्रत्यक्ष मोजण्याची रीत प्रसिद्ध झाली. दुसऱ्या बाजूस मास स्पेक्ट्रोमेट्रीने प्रतिपिंडाविनाच हजारो प्रथिने त्यांच्या वजनावरून ओळखण्याचा मार्ग खुला केला. त्या मार्गातील मूलभूत कामासाठी जॉन फेन व कोइची तानाका यांना २००२ चे नोबेल मिळाले.

हे सर्व परदेशात आणि दूर घडते, असा समज करून घेऊ नये. ठाण्याहून पवई हाकेच्या अंतरावर आहे. तेथील आयआयटी मुंबईत मास स्पेक्ट्रोमेट्रीचे सुसज्ज केंद्र असून मेंदूचे अर्बुद व मलेरिया यांतील प्रथिनांचा अभ्यास तेथे चालतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या आंतरराष्ट्रीय प्रथिन-जनुक संघात आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्र सहभागी आहेत. खारघरला त्याच केंद्राची ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तिचे मूळ परळला १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक आणि ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारणाऱ्या डॉ. कमल रणदिवे तेथील ज्येष्ठ शास्त्रज्ञ. म्हणजे ऊतीचा तुकडा जपून ठेवावा, त्याला प्रश्न विचारावेत, ही परंपरा मराठी माणसाच्या हातून येथेच रुजली आहे.

शून्य आणि एक यांतील अंतर

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोणी म्हणेल, संशोधन संशोधकांनी करावे. कल्याणच्या वैद्याला त्याचे काय? म्हणून एकच प्रथिन घेऊ.

स्तनाच्या पेशींच्या आवरणावर हर-टू नावाचे प्रथिन असते. निरोगी पेशीवर त्याची संख्या सुमारे वीस हजार, तर काही कर्कपेशींवर ती वीस लाखांपर्यंत जाते. ते अतिप्रमाणात असल्यास रोग अधिक आक्रमक असतो, हे १९८७ साली लक्षात आले. त्याविरुद्धचे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले. पॅथॉलॉजिस्ट चकतीला रंग देऊन हर-टूला शून्य, एक, दोन वा तीन असे गुण देतात. तीन असल्यास औषध. दोन असल्यास जनुकाची पुढील तपासणी. शून्य किंवा एक असल्यास औषध नाही, अशी रीत वीस-पंचवीस वर्षे चालली. शून्य व एक यांत भेद करण्याचे कारणच नव्हते, कारण चिकित्सा दोन्हीकडे सारखीच होती.

२०२२ साली चित्र पालटले. ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकन या नव्या औषधाचा लाभ, हर-टू अल्प प्रमाणात असलेल्या, पसरलेल्या रोगाच्या स्त्रियांनाही होतो, असे मोठ्या चाचणीत दिसून आले. आता शून्य की एक या प्रश्नावर एका स्त्रीला औषध मिळणे वा न मिळणे अवलंबून राहू लागले. ज्या परीक्षेची घडण विपुल प्रथिन ओळखण्यासाठी झाली, तिला दुर्मिळ प्रथिन मोजायला सांगितले जात आहे. अनुभवी पॅथॉलॉजिस्टांमध्येही या दोन गुणांबाबत मतभेद होतात. दुर्मिळ प्रथिन नेमके मोजण्याच्या नव्या पद्धतींची निकड आज यासाठीच आहे.

परंतु पद्धत कितीही नवी असली तरी ती नमुन्याच्या पुढे जाऊ शकत नाही. स्तनाच्या नमुन्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम सोपा आहे. तुकडा काढल्यावर तासाभराच्या आत दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे आणि त्यात किमान सहा, जास्तीत जास्त बहात्तर तास राहिला पाहिजे. द्राव तुकड्याच्या आकारमानाच्या दहापट असावा. सलाइनमध्ये ठेवलेली ऊती मृत झाल्यावरही तिच्यातील विकर काम करीतच राहतात आणि प्रथिने तुटत जातात. मुंबईच्या उकाड्यात तर अधिकच वेगाने. असा नमुना पवईच्या यंत्रात घातला काय किंवा स्टॉकहोमच्या, येणारा आकडा त्या स्त्रीच्या रोगाचा नसून आपल्या निष्काळजीपणाचा असतो. शून्य गुण आले तर ते खरे शून्य की शनिवार-रविवारचे शून्य, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

आणि 'सुई लावली की गाठ चिघळते' हा समज? स्तनाच्या गाठीची सुईने बायोप्सी केल्यामुळे रुग्णाचे आयुर्मान घटते, असा पुरावा नाही. ती न केल्याने काळ मात्र निश्चित जातो. हा सल्ला आपल्या तोंडून पुन्हा निघू नये, अशी आमची हात जोडून विनंती आहे.

दावे आणि दुकाने

आता औषधनिर्माते व औषधालयांचे चालक यांच्याशी दोन शब्द. अलीकडे आपल्या औषधांच्या माहितीपत्रकांत 'अमुक कल्पाने शोथकारक प्रथिने घटतात' अशी वाक्ये वाढली आहेत. संशोधन व्हावे, हे आम्हांस मनापासून वाटते. पण आकडा छापण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. चाचणीची तळमर्यादा किती होती? नमुना केव्हा घेतला आणि कसा ठेवला? आणि आपले औषधच चाचणीत लुडबूड करीत नव्हते ना?

तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. त्रिफळेसारख्या कषायरसप्रधान द्रव्यांतील टॅनिन प्रथिनांना साकळवते. एकूण प्रथिन मोजण्याच्या लावरी पद्धतीत (१९५१) वनस्पतींतील फेनॉल द्रव्येही रंग देतात. म्हणजे प्रयोगशाळेत पेशींवर काढा घालून प्रथिन मोजताना ते 'घटले' किंवा 'वाढले' असे दिसले, तर तो औषधाचा गुण की रसायनाचा खेळ, हे आधी तपासावे लागते. जो हे तपासत नाही, तो आयुर्वेदाची सेवा करीत नाही.

बायोटिनची गोष्ट तर थेट आपल्या काउंटरवरची आहे. केसांसाठी व नखांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या आज अनेक आयुर्वेदिक दुकानांतही विकल्या जातात. रक्तातील प्रथिने व हॉर्मोन मोजणाऱ्या अनेक चाचण्यांमध्ये बायोटिन हाच खूण चिकटवणारा दुवा असतो. रक्तात तो भरपूर असला की अहवाल खोटा येतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली याबाबत जाहीर इशारा दिला. हृदयविकाराच्या निदानासाठी लागणाऱ्या ट्रोपोनिनचा आकडा त्यामुळे खोटा कमी येऊ शकतो. गोळी विकताना 'रक्त तपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगा' एवढे एक वाक्य आपण उच्चारले, तरी एखाद्याचा जीव वाचू शकेल.

आणि गुळवेल. कोविडच्या काळात २०२०च्या अखेरीस मुंबईत सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाली व त्या सर्वांनी गुळवेल घेतली होती, असा अहवाल यकृततज्ज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला : रुग्णांनी घेतलेल्या द्रव्याचे विश्लेषण झालेले नाही आणि गुळवेलीऐवजी तिच्या जातीची दुसरी वेल, टिनोस्पोरा क्रिस्पा, वापरली गेली असण्याची शक्यता आहे. पुढील काळात देशातील अनेक केंद्रांतून तसेच रुग्ण नोंदले गेले. या वादात कोण बरोबर, याचा निवाडा या लेखात करण्याचा आमचा मानस नाही. पण एक गोष्ट डोळ्यांत सलते. यकृताच्या तुकड्यावरून इजा झाली हे कळते. कोणत्या वेलीने, ते कळत नाही. ते कळण्यासाठी हवा होता औषधाचा जपून ठेवलेला नमुना. आक्षेप घेण्याचा आपला हक्क तेव्हाच खरा, जेव्हा आपल्या कपाटात त्या घाण्याची सीलबंद पुडी असते. समानाभिहार हा दोष फक्त प्रथिनांना लागत नाही, वेलींनाही लागतो.

दोन आक्षेप

काही ज्येष्ठ वैद्य म्हणतील, आयुर्वेद रोग्याचा समग्र विचार करतो. पिकोग्रॅमच्या मागे धावून आपण आपले शास्त्र गमावू. या आक्षेपात तथ्य आहे. एखादे प्रथिन म्हणजेच वात, एखादे म्हणजेच आम, अशी समीकरणे मांडणारे लेख आमच्याकडे येतात आणि आम्ही ते परत पाठवतो. प्रथिनाचा आकडा दोषाची जागा घेऊ शकत नाही. परंतु आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती अशी चतुर्विध परीक्षा आपल्याला शिकवली गेली. त्यातील प्रत्यक्षाचा प्रांत साधनांनी विस्तारला, तर ते नाकारण्याचे कारण शास्त्रात सापडत नाही. गाठीवर काढा देणाऱ्या त्या वैद्यांनी समग्र विचार केला नव्हता. त्यांनी परीक्षाच टाळली होती. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४च्या कायद्याने बंदी आहे, हेही या ठिकाणी आठवणीत ठेवावे.

दुसरा आक्षेप तरुणांचा. यंत्रे कोट्यवधींची आणि ती आपल्या हाती नाहीत. मग आपला संबंध काय? आमचे उत्तर असे की यंत्र आपले नसेल, पण तुकडा आपला आहे. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या रुग्णांचे नमुने याच रेल्वेमार्गाने मुंबईकडे जातात. रुग्ण कोणती औषधे घेत होता, कधीपासून, किती मात्रेत, ही माहिती मोठ्या रुग्णालयाला फक्त आपणच देऊ शकतो. आज ती कोणीही देत नाही. रुग्ण भीतीने सांगत नाही, तेथील डॉक्टर विचारत नाहीत आणि आपण लिहून देत नाही. त्यामुळे औषधाने प्रथिन घटले की वाढले, यकृताला बाधा झाली की लाभ, या प्रश्नाचे उत्तर कधीच निघत नाही. मग दोन्ही बाजू आपापल्या समजुतींवर ठाम राहतात.

आमच्या सूचना

एक. गाठ, न भरणारा व्रण, तोंडातील पांढरा चट्टा दिसताच रुग्णाला बायोप्सीसाठी पाठवावे. आपली चिकित्सा त्यानंतरही करता येते. तंबाखू व गुटख्याच्या या प्रदेशात तोंडाच्या चट्ट्याबाबत विशेष दक्ष राहावे.

दोन. रुग्णासोबत औषधांची चिठ्ठी द्यावी : औषधाचे नाव, निर्माता, बॅच क्रमांक, मात्रा, सुरू व बंद केल्याची तारीख. काही लपवू नये. रसौषधी असल्यास ठळकपणे लिहावे.

तीन. ज्या नर्सिंग होममध्ये आपले सभासद पाळी करतात, तेथे फॉर्मॅलिनच्या भरलेल्या किमान दोन बाटल्या आहेत ना, हे पाळीच्या आरंभी पाहावे. नमुन्याच्या डबीवर तुकडा काढल्याची व फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहावी. शनिवारी शक्यतो सकाळीच बायोप्सी करावी, म्हणजे नमुना त्याच दिवशी पोहोचेल.

चार. औषधनिर्मात्यांनी प्रत्येक घाण्याचा नमुना औषधाच्या मुदतीपर्यंत सीलबंद ठेवावा व वनस्पतीच्या ओळखीची नोंद करावी. दुकानदारांनी सुटी चूर्णे विकताना पुरवठादाराचे नाव व तारीख वहीत लिहावी.

पाच. संशोधनासाठी उरलेला नमुना देण्याविषयी रुग्णाने विचारले, तर त्याला निर्भयपणे माहिती द्यावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णाची लेखी संमती आवश्यक आहे आणि नकार दिल्याने त्याच्या उपचारात फरक पडत नाही. हे दोन्ही मराठीत, समजेल अशा शब्दांत सांगणे आपले काम आहे.

सहा. हे नियम आम्ही स्वतःलाही लावून घेत आहोत. यापुढे प्रथिनाचे आकडे असलेला कोणताही लेख या त्रैमासिकात घेताना नमुन्याची हाताळणी, चाचणीची तळमर्यादा व औषधाच्या ओळखीचा पुरावा मागितला जाईल.

ज्या भगिनीच्या गोष्टीने आम्ही आरंभ केला, तिचा दुसरा नमुना मंगळवारी सकाळी काढला गेला आणि दहाव्या मिनिटाला फॉर्मॅलिनमध्ये पडला. या वेळी डबीवर वेळ लिहिली होती. ती लिहिली त्याच निवासी डॉक्टरांनी. हर-टूचे गुण नि:संदिग्ध आले आणि तिची चिकित्सा सुरू झाली. त्या तरुण डॉक्टरांना पहिल्या वेळी कोणी काही शिकवलेच नव्हते. त्यांना शिकवणे हे आपले काम होते आणि ते राहून गेले.

औषधांच्या चिठ्ठीचा नमुना पुढील अंकासोबत देण्याचा आमचा मानस आहे. त्यात कोणते रकाने असावेत, याविषयी सभासदांनी आपल्या सूचना लेखी कळवाव्यात, ही विनंती.